विडु म्हणजे धर

चहाचा घोट आधी गिळून घ्या. मागे हे सांगताना माझ्या मावसभावाच्या नाकातून चहा आला होता आणि मावशीने त्याचं खापर माझ्यावर फोडलं होतं. गिळलात? बरं. तर कुंभकोणममध्ये एक जोडपं आहे. त्यांचं माझं काही नातं नाही. पण त्यांच्या लग्नाचा अल्बम उघडलात तर नवरदेवाच्या शेजारी, नवरीच्या जागेवर, एक मुलगी बसलेली दिसेल. तोंड उघडं, पायात चाकं. ती मी.

आता हे कसं झालं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मी स्केटिंग करते हे तुम्हाला माहीत आहे. बर्फावरचं नाही हो, आपल्याकडे बर्फ फक्त गोळ्यात मिळतो. माझं चाकांवरचं. त्यातही शर्यतीचं नाही, तर संगीतावरचं, जोडीनं करायचं. म्हणजे मुलगा मुलीला डोक्यावर उचलतो, गरगर फिरवतो, मधूनच हवेत भिरकावतो. आणि मुलगी हे सगळं आपल्याला फारच आवडतंय असं दाखवत हसत राहते. निम्मे गुण त्या हसण्याला असतात असं माझं प्रामाणिक मत आहे.

लहानपणापासून नाशिकला माझा एक जोडीदार होता. त्याला जर्मनीत नोकरी लागली आणि तो पेढे देऊन निघून गेला. मी तो पेढा अक्षरशः रडत खाल्ला. कारण जोडीतला मुलगा मिळणं म्हणजे काय असतं याची तुम्हाला कल्पना नाही. तो उंच हवा, ताकदवान हवा, त्याला चाकांवर नाचता यायला हवं आणि मुख्य म्हणजे त्यानं आपल्याला पाडता कामा नये. माझी आई तर म्हणाली, "लग्नासाठी मुलगा बघू म्हटलं की तुला वेळ नसतो, आणि उचलायला मुलगा शोधत गावभर हिंडतेस."

माझं वयही उलटत चाललं होतं. म्हणजे तसं काही नव्हे, पण आमच्या खेळात पंचविशी ओलांडली की भेटेल तो म्हणतो, "आता लहान मुलांना शिकव." एक हंगाम होता हातात. त्यात राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली तर झाली, नाहीतर स्केट्स माळ्यावर.

अशात माझ्या सरांना कुठूनसं कळलं की कुंभकोणमला एक मुलगा आहे. त्याची जोडीदारीण लग्न करून सिंगापूरला गेली, त्यामुळे तोही रिकामाच बसलाय. "आणि ऐक," सर म्हणाले, "तो मराठी आहे."

"तमिळनाडूत?"

"तंजावरच्या राजांच्या काळात गेलेली घरं आहेत ती. घरात अजून मराठी बोलतात. तुला भाषेची अडचणच नाही."

भाषेची अडचणच नाही. हे वाक्य मला नंतर पुष्कळ वेळा आठवलं.

मुलाचं नाव श्रीधर. त्याच्या घरच्यांचं पितळी दिव्यांचं दुकान. जवळच्या नाचियार्कोविलला बनलेल्या मोठमोठ्या समया ते विकतात. काही तर माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, वर हंस बसवलेल्या. श्रीधर लहानपणापासून त्या समया उचलून गाडीत ठेवत आलेला. त्यामुळे त्याचे दंड म्हणजे काय विचारता. पहिल्या दिवशी त्यानं मला उचललं तेव्हा मी जमिनीवरून कधी सुटले तेच कळलं नाही. फक्त सवयीनं तो मला समईसारखंच उचलायचा. अगदी सरळ, न हलवता, आणि खाली ठेवल्यावर बूड नीट टेकलंय ना ते एकदा वाकून बघायचा.

त्यांच्याच घरी माडीवर माझी सोय केली होती. त्याच्या आईला मी काकू म्हणायचे. दारात पाऊल ठेवलं तसं त्या म्हणाल्या, "ये गे, बैस. अस्कं सामान आणलीस न? घर हुडकायला त्रास जाला काय?"

अस्कं म्हणजे सगळं. मला हसू आलं, कसंबसं दाबलं. वाटलं, किती जुनं मराठी हे, जणू पोथीतून कोणी बोलतंय. रात्री जेवताना मी घडाघडा बोलत होते. प्रवास कसा झाला, गाडी कशी लेट झाली, वगैरे. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि श्रीधरला विचारलं, "हिच्या मराठीत इतकी हिंदी कशी शिरली रे?"

तिथंच मी थोडं शहाणं व्हायला हवं होतं.

सराव कुठं, तर लग्नाच्या मंडपात. तिकडे त्याला कल्याण मंडप म्हणतात, आपला मंगल कार्यालयाचा हॉलच. आपल्या आषाढाच्या आसपास त्यांचा आडी महिना येतो आणि त्या महिन्यात तिकडे कोणी लग्न करत नाही. मंडप ओस पडलेला, फरशी ग्रॅनाइटची, आरशासारखी. मॅनेजरांचा जीव मात्र त्या फरशीत अडकलेला. आमच्या स्केट्सच्या पुढच्या रबरी ठोकळ्यानं ब्रेक मारला की काळा ओरखडा उठायचा. की लगेच मॅनेजर ओलं फडकं घेऊन आमच्या मागे. एखाद्या दिवशी तर आम्ही दोघं आणि ते अशी तिघांची जोडी वाटायची.

शिकवायला होते मास्टर. श्रीधरचे लहानपणापासूनचे गुरू. वजनदार माणूस, गुडघा दुखरा, म्हणून हॉलच्या टोकाला खुर्ची टाकून बसायचे आणि शिट्टीवर सगळा कारभार चालवायचे. एक शिट्टी झाली की श्रीधरनं मला वर उचलायचं, दुसरी झाली की खाली उतरवायचं. मास्टर तमिळशिवाय काही बोलत नसत. आणि सरावात श्रीधरचंही डोकं तमिळमध्येच चालायचं. मी "उजवीकडे" म्हटलं की तो आधी विचार करणार, मग वळणार. तोवर भिंत आलेली असायची.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. श्रीधरची एक गिरकी फार सुरेख झाली, मी आपली मनापासून ओरडले, "वा!"

तिकडे टोकाला मास्टर खुर्चीतून उठले. गुडघा सांभाळत हळूहळू अख्खा हॉल चालून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. "येन्नम्मा?" म्हणजे, काय गं?

"काही नाही," मी म्हटलं आणि हसले.

ते परत गेले. थोड्या वेळानं आणखी एक छान स्टेप जमली. मी, "वा वा!" मास्टर पुन्हा उठले. असं दिवसभर चाललं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मास्टर आलेच नाहीत. निरोप आला की तब्येत बरी नाही.

श्रीधरनं मला बाजूला घेतलं. "तू मास्टरना सारखी बोलावतेस कशाला?"

"मी? कधी?"

"वा म्हणजे ये. तमिळमध्ये. तेही लहान पोराला म्हणतात तसं, ये रे. मोठ्यांना वांग म्हणायचं, या."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. एवढा ज्येष्ठ माणूस, दुखरा गुडघा, आणि मी त्यांना दिवसभर 'ये रे, ये रे' करून बोलावतेय, आणि आले की नुसती हसतेय. संध्याकाळी केळी आणि फुलं घेऊन त्यांच्या घरी गेले. दारातून मोठ्यानं म्हटलं, "वांग, मास्टर, वांग."

म्हणजे त्यांच्याच घराच्या दारात उभं राहून मी त्यांना आत या म्हणाले. पण मास्टर हसले. त्यांच्या बायकोनं कॉफी दिली आणि प्रकरण मिटलं.

मिटलं ते तिथंच सोडून द्यायचं ना? नाही. मी ठरवलं की तमिळ शिकायचंच. श्रीधर म्हणालाही, "कशाला? माझ्याशी मराठीत बोल."

"तू सरावात तमिळमध्ये विचार करतोस," मी म्हटलं. "जोडीला जोडीची भाषा हवी." असली वाक्यं मला सुचतात. दुर्दैवानं मोठ्यानं सुचतात.

तर शिकवणी काकूंकडे, गच्चीवर. त्या रेशमी साड्या वाळत घालायच्या आणि एक टोक मला धरायला लावायच्या. "पिडि," त्या म्हणाल्या, म्हणजे धर. मी धरलं. मग घडी जुळली की, "विडु," म्हणजे सोड. मी सोडलं. एवढंच. दोन शब्द. जोडी स्केटिंगला आणखी काय लागतं हो? धर आणि सोड, यातच आमचा सगळा खेळ आला.

ते शब्द विसरू नयेत म्हणून दुपारी पलंगावर पडल्या पडल्या मी एक युक्ती काढली. कुंभकोणमची विड्याची पानं नावाजलेली. घरात जेवणानंतर रोज विडा. आता विडा आपण काय करतो? हातात धरतो. म्हणून विडु म्हणजे धर. आणि पिडि? पीडा. पीडा काय करायची? सोडायची. म्हणून पिडि म्हणजे सोड. इतकं चपखल जमलं की मी पलंगावर उठून बसले. वाटलं, आपण तमिळ आठवड्याभरात बोलणार.

तुम्ही हसताय. हसा. पण तेव्हा मला ते चुकलंय हे कळायला काही मार्गच नव्हता. उलट खात्रीच पटत गेली. मास्टरांनी मला एखादी स्टेप परत परत करायला लावली की मी चिडायचे. श्रीधर हळूच म्हणायचा, "विडु, विडु." म्हणजे सोडून दे, जाऊ दे. मला वाटायचं, धीर धर म्हणतोय. किती समजूतदार मुलगा.

एकदा गच्चीवर वारा सुटला. काकू आणि मी एका लांबलचक जांभळ्या साडीची दोन टोकं धरून उभ्या. वाऱ्यानं साडी फुगली, शिडासारखी. मला वाटलं काकूंच्या हातून निसटणार. मी ओरडले, "विडु, काकू, विडु!"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे टोक सोडून दिलं. साडी सळसळत कठड्यावरून गेली आणि शेजाऱ्यांच्या स्कूटरवर जाऊन पडली. काकू जिना उतरून साडी आणायला गेल्या. मी मनात म्हटलं, बिचाऱ्या, वय झालं. हातात जोर राहिला नाही.

पाहुण्या मुलीनं सोड म्हटलं तर सोडावं, उगाच वाद कशाला, असं त्यांना वाटलं होतं. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

इकडे निवडीचा दिवस ठरला. निवड करणाऱ्या मॅडम चेन्नईच्या. त्यांना तंजावरला काही काम होतं, तर जाता जाता आम्हाला बघून जायचं त्यांनी कबूल केलं. आडी महिना संपायच्या आत येणार होत्या. पण त्यांना ताप आला, तारीख पुढे गेली, आणि नवीन तारीख आली ती नेमकी आडी संपल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळची. त्या संध्याकाळी आमच्या मंडपात रिसेप्शन होतं. तिकडे बऱ्याचदा रिसेप्शन आदल्या संध्याकाळी उरकतात आणि लग्न दुसऱ्या दिवशी पहाटे लावतात.

मी रडकुंडीला आले. गावात दुसरी तशी फरशी नाही. मॅडमना तारीख पुन्हा बदला म्हणायची सोय नाही. त्यांनी तसं स्पष्ट कळवलं होतं. आणि यादी पुढच्या आठवड्यात लागणार होती.

वाचवलं कोणी, तर मॅनेजरांनी. रिसेप्शनला गाणी म्हणायला बोलावलेल्या गायकाचा घसा बसला होता. मुलीचे वडील डोक्याला हात लावून बसले होते. मॅनेजर त्यांना म्हणाले, "माझ्याकडे दोघं आहेत. चाकांवर नाचतात. मुलगा मुलीला डोक्यावर उचलतो. पाहुण्यांना आवडेल." आणि आम्हाला म्हणाले, "तुमच्या मॅडमना पाहुण्यांत बसवा. जेवूनही जातील."

असं आमचं निवडीचं ठिकाण ठरलं.

काकूंनी माझ्या पोशाखाला कमरेभोवती तिरुभुवनमच्या रेशमाचा रुंद पट्टा शिवला. जांभळा, सोनेरी काठाचा. जी साडी स्कूटरवर पडली होती, तिच्याच रंगाचा. फार देखणा दिसत होता. फक्त एक झालं, लिफ्टच्या, म्हणजे मला डोक्यावर उचलण्याच्या वेळी श्रीधरचा हात नेमका त्या पट्ट्यावर यायचा, आणि रेशीम किती निसरडं असतं याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नाही.

संध्याकाळी मंडपात शिरले तर ओळखूच येईना. खुर्च्या भिंतीला लावून मधली फरशी मोकळी ठेवलेली. स्टेजवर सकाळच्या मुहूर्तासाठी फुलांची सजावट चालली होती, म्हणून नवरानवरीचा लाल मखमली सोफा खालीच, हॉलच्या टोकाला गालिच्यावर मांडला होता. मॅडम पहिल्या रांगेत. मांडीवर नारळाची पिशवी, हातात कॉफी. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

आणि लाउडस्पीकर. काय सांगू त्याचा आवाज. छातीत धडधडत होतं ते माझं काळीज की तो स्पीकर हे मला सांगता आलं नसतं. मास्टरांनी शिट्टी वाजवून बघितली. त्यांचे गाल फुगलेले दिसले, बाकी काही ऐकू आलं नाही.

"शिट्टी चालणार नाही," श्रीधर माझ्या कानाशी म्हणाला. "लिफ्टमधून कधी उतरायचं ते तूच सांग."

"सांगते. तमिळमध्येच सांगते."

"मराठीत सांग."

"विश्वास ठेव रे माझ्यावर."

त्यानं ठेवला. तीच तर पंचाईत.

सुरुवात इतकी छान झाली म्हणून सांगू. गिरक्या जमल्या, पावलं जुळली, मुलंबाळं टाळ्या वाजवत होती. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, मॅडमनी कॉफी खाली ठेवली होती. ही चांगली खूण. मग शेवटची मोठी लिफ्ट. श्रीधरनं मला उचललं, डोक्यावर घेतलं आणि गरगर फिरत हॉलच्या टोकाकडे निघाला. वरून मला सगळा मंडप दिसत होता. पंखे, फुलं, आणि सोफ्यावर एकटाच बसलेला नवरदेव. नवरी साडी बदलायला आत गेली होती.

आणि माझ्या कमरेखाली श्रीधरचा हात सरकला.

थोडासाच. पण वर लटकलेल्या माणसाला थोडंसं म्हणजे किती असतं, ते त्यालाच ठाऊक. रेशीम सरकतंय, हात सरकतोय. त्याला घट्ट धरायला सांगायला हवं. आणि ऐन वेळेला माझं तमिळ माझ्या मदतीला धावून आलं.

"विडु!" मी ओरडले.

श्रीधर दचकला. एवढ्या उंचीवरून सोड? त्यानं खालून विचारलं, "विडवा?" म्हणजे, सोडू का?

मला वाटलं, विचारतोय, धरू का. अरे, हे काय विचारणं झालं? "विडु, विडु," मी जीव खाऊन ओरडले. मग वाटलं, घट्ट हा शब्द हवा. घट्टला तमिळ मला येत नव्हतं. पण 'चांगलं' येत होतं. "नल्ला विडु!"

चांगलं सोड.

श्रीधर गुणी मुलगा. त्याला वाटलं, मॅडमवर छाप पाडायला हिनं आयत्या वेळी लिफ्टचा थ्रो करायचा ठरवला. आणि आधी न सांगता ठरवला, पण आता जोडीदारीण सांगतेय तर ऐकायला हवं. त्यानं समया उचलणारे दोन्ही दंड आवळले आणि मला चांगलं सोडलं.

मी उडाले. इतक्या वर्षांच्या सवयीनं अंग आपोआप आवळलं, हवेत गिरकी घेतली आणि मी उतरले. आणि तुम्हाला खरं सांगते, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर लँडिंग होती. एका पायावर, पाठमोरी, दुसरा पाय मागे ताणलेला, हात पसरलेले. तशीच मी उलटी घरंगळत निघाले. हसायचंसुद्धा विसरले नाही.

मग मागची चाकं गालिच्याला लागली.

चाकं थांबली, मी थांबले नाही. धप्पकन मागे बसले ती मऊ मखमलीवर. शेजारी नवरदेव. त्याच्या गळ्यात हार, माझ्या पायात चाकं. फोटोग्राफर तीच वेळ साधून होता. फ्लॅश चमकला.

सगळा हॉल उठून टाळ्या वाजवायला लागला. त्यांना वाटलं, हाच कार्यक्रमाचा शेवट. नवरदेव हळूच म्हणाला, "लागलं नाही ना?" बिचारा सभ्य होता. मी उठायला गेले, पण एक चाक गालिच्याच्या झालरीत अडकलेलं. ते सोडवायला वाकतेय तोच समोर नवरदेवाच्या एक म्हाताऱ्या आत्या येऊन उभ्या राहिल्या. आडुतुरैहून आल्या होत्या, बस चुकली म्हणून उशीर झालेला, आणि डोळ्यांना बेताचंच दिसत असावं. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा वर केला, कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि चांदीचा कुंकवाचा करंडा माझ्या हातात कोंबला. मग नवरदेवाला म्हणाल्या, "पोरगी उंच दिसते रे. फोटोत कळलं नव्हतं."

तेवढ्यात नवरी आली.

हिरवी साडी, अंगभर दागिने, मागे चार मैत्रिणी. ती सोफ्यासमोर येऊन थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी करंडा पुढे केला. तिनं घेतला. मी कपाळावरचं कुंकूही पुसून द्यायच्या बेतात होते, पण ती हसली, म्हणाली, "राहू द्या ते." मग श्रीधरनं येऊन मला सोफ्यावरून उचललं, सरळ, न हलवता, आणि फरशीवर ठेवलं. बूड टेकलंय का ते बघायला मात्र त्या दिवशी तो वाकला नाही.

बाहेर जेवणाच्या पंगतीत मॅडमनी आम्हाला समोर बसवलं. केळीच्या पानावर पायसम वाढलेलं, आणि मी त्यात नुसतं बोट फिरवत होते. एवढे आठवडे घाम गाळला, काकूंनी रात्रंदिवस खपून पट्टा शिवला, मास्टर त्या गुडघ्यानं रोज आले. आणि मी ते सगळं एका लाल सोफ्यावर नेऊन आपटलं. मला मास्टरांकडे बघवत नव्हतं.

मॅडमनी श्रीधरला विचारलं, "तुमच्या कार्यक्रमात शेवटी लिफ्ट आहे असं मला कळवलं होतं. थ्रो कधी ठरला?"

"तिनं वरून सांगितलं, मॅडम."

"काय सांगितलं?"

"सोड म्हणाली. मी विचारलं, सोडू का? तर म्हणाली, चांगलं सोड."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना सगळं सांगितलं. विडा, पीडा, युक्ती, सगळं. इंग्रजीत सांगताना तर ते आणखीच मूर्खपणाचं वाटत होतं. काकू शेजारच्या पानावर होत्या. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी साडी..."

"हो, काकू."

"मला वाटलं तुला रंग आवडला नाही."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मास्टरांनी पाणी पुढे केलं. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "असं बघा. ज्या मुलीला न सांगता फेकलं तरी ती एका पायावर उतरते, तिला मी घरी बसवणार नाही. आणि जो मुलगा जोडीदारणीचं असलंही ऐकतो, त्यालाही नाही. तुम्ही जा स्पर्धेला. पण माझी एक अट आहे." बोट माझ्याकडे. "चाकं पायात असताना हिनं तोंड उघडायचं नाही. कुठल्याच भाषेत."

मास्टरांनी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच ते इतके समाधानी दिसले.

पुढचे कितीतरी आठवडे मी मुक्यानं सराव केला. तुम्ही मला ओळखता, त्यामुळे याची किंमत तुम्हाला कळेल. हात दाबला की उचल, बोट टेकवलं की खाली, मान वळवली की उजवीकडे. रेशमाचा पट्टा काढून सुती लावला. सुरुवातीला माझ्या पोटात शब्द उकळायचे. मग हळूहळू एक गंमत झाली. श्रीधरचा श्वास कुठं अडतो, त्याचा खांदा कधी दमतो, हे मला कळायला लागलं. बोलत होते तेव्हा यातलं काही कळत नव्हतं.

स्पर्धेत आम्ही पूर्ण नाच एक अक्षर न बोलता केला. तिसरे आलो. पहिले नाही, दुसरे नाही, पण पदक गळ्यात पडलं आणि स्केट्स माळ्यावर गेले नाहीत. काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अस्कं बरं जालं गे," आणि रडायला लागल्या.

बक्षीस समारंभ झाल्यावर एक वयस्क परीक्षक मुद्दाम आमच्याकडे आले. आपल्या पुण्याचेच निघाले. श्रीधर मराठी बोलतो म्हटल्यावर तर त्यांना कोण आनंद झाला. आमचे दोघांचे हात हातात घेऊन म्हणाले, "मी आजवर खूप जोड्या पाहिल्या. सगळे आत काहीतरी पुटपुटत असतात, मोजत असतात, एकमेकांना खुणावत असतात. पण तुमच्यातला संवाद काही वेगळाच आहे. तुम्हाला शब्दांची गरजच पडत नाही."

मी नम्रपणे मान खाली घातली. अशा वेळी काय बोलावं ते मी मनात जुळवतच होते.

पण श्रीधर आधी बोलला. अगदी गंभीरपणे.

"गरज पडते, सर," तो म्हणाला. "हिला परवानगी नाही."